गेम खेळायला आप्पांची मंजुरी

टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मी लेकीसाठी आणला, असं मी घरात जाहीर केलं. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिनं सायकल मागितली होती. तरी मी ठासून सांगत राहिलो की अशा खेळांनी मुलांचा मेंदू तल्लख होतो, हात आणि डोळ्यांचा मेळ बसतो, वगैरे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं. मग खोकं तिला उघडू द्या." खोकं मी आधीच उघडलेलं होतं.

खरी गोष्ट अशी की मी परभणीत कॉलेजला होतो तेव्हा एका गल्लीत टीव्हीला जोडून असले खेळ खेळू देणारं दुकान होतं. मी आमच्या गावाहून, वालूरहून, एसटीनं ये-जा करायचो. गाडी चुकेल या धास्तीनं आत कधी बसलो नाही, दारात उभा राहून दुसऱ्यांचे खेळ पाहायचो. त्यात गाड्या पळवायचा आणि पोलिसांना गुंगारा द्यायचा एक खेळ होता. तो खेळणाऱ्या पोरांचा मला इतका हेवा वाटायचा की अजून त्यांचे चेहरे आठवतात. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजच्याच ऑफिसात बसून लोकांच्या मुलांचे प्रवेश अर्ज तपासता तपासता मला वाटलं, बास झालं. आता आपली पाळी.

मधल्या काळात तसले खेळ फार पुढं गेले होते. मी आणलेल्या खेळाच्या वेष्टणावर ठळक अठरा लिहिलेलं होतं आणि मागं बारीक अक्षरात रक्तपात, शिवीगाळ, प्रौढ दृश्यं अशी यादी होती. बारीक अक्षर वाचण्यात बायकोचा हात कुणी धरणार नाही.

"हे घरात? पोरगी तेरा वर्षांची आहे आपली."

"अगं, त्याला कुलूप असतं. मोठ्यांचं मोठ्यांना दिसतं, लहानांचं लहानांना."

"कुलूपच लावायचं तर आणायचं कशाला?"

"म्हणजे मोठ्या माणसांनी काही बघूच नये का?" मी तावातावानं म्हणालो. "कंपनीनं काय सगळ्या जगाला लेकरू समजावं? ज्याचं वय झालंय त्याला पूर्ण मोकळीक पाहिजे, आणि ज्याचं झालं नाही त्याला विचारल्याशिवाय हात लावता येऊ नये. कसा सरळ नियम आहे!"

ती म्हणाली, "लक्षात ठेवा हं, काय बोललात ते."

त्या आठवड्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, डोळे तपासून घ्यायला आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते वालूरला एकटेच राहतात आणि किराणा दुकान अजून स्वतः चालवतात. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, खिशात मोबाईल. ते सोफ्यावर डोळ्यांत औषध घालून बसले होते आणि मी समोर डबा सुरू करत होतो. पडद्यावर पहिला प्रश्न आला: या कुटुंबाचा प्रमुख कोण?

आता याला विचार करण्यासारखं काय होतं? परभणीतलं घर मी बांधलं, पण दारावरची पाटी आप्पांच्या नावाची आहे. घरात वास्तुशांत असो की बारसं, पत्रिकेवर निमंत्रक आप्पा. वडील हयात असताना प्रमुख म्हणून स्वतःचं नाव लिहायला माझा हात धजला नसता. मी आप्पांचं नाव टाकलं, त्यांचा मोबाईल नंबर टाकला, आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला आकडा त्यांनाच विचारून भरला. पुढं विचारलं की या प्रमुखाच्या देखरेखीखाली कोण कोण आहे. मी माझं, बायकोचं आणि लेकीचं, तिन्ही नावं टाकली. आपल्याकडं यालाच घर म्हणतात.

मग जन्मतारखा. वर्ष टाकायला हातातल्या रिमोटवरच्या खुंटीनं एक चाक मागं मागं फिरवावं लागायचं. आप्पांचं वर्ष मी अंगठा दुखेपर्यंत मागं नेऊन बरोबर लावलं. वडिलांचं काम अर्धवट करत नसतात. माझ्या वेळेपर्यंत अंगठा पार गेला होता. आणि माझी तारीख तरी कुठं खरी आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाला एक जून देऊन टाकली. मी एक जून लावली आणि वर्षाचं चाक जरा फिरवून जिथं थांबलं तिथं सोडून दिलं. बायकोचंही तसंच. यंत्राला काय करायचंय आमच्या वयाशी, असं मला वाटलं.

लेकीनं आजोबांच्या मोबाईलवर ते ॲप टाकून दिलं आणि समजावलं, "आजोबा, आमच्यापैकी कुणाला काही खेळायचं असलं की इथं येईल. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही."

आप्पा सरसावून बसले. "म्हंजे दरखास्त माझ्याकडं येनार?"

"हो."

"बरं हाय. बिनघोर ऱ्हावा. जिम्मा माझा."

डोळ्यांचं औषध घेऊन ते वालूरला परत गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागले. लेकीनं स्वयंपाकाचा खेळ मागितला, वेष्टणावर तीन वर्षांपुढील मुलांसाठी असं लिहिलेला. आप्पांनी लाल दाबलं. का, तर चित्रात एक बाई कोंबडी भाजत होती, आणि आमच्या घरात सात पिढ्यांत अंडंसुद्धा शिरलेलं नाही. कुस्तीचा खेळ मागितला तर हिरवं, वर फोन करून विचारलं की लाल मातीतली हाय का गादीवरची. मग तिनं शेतीचा खेळ मागितला. मला वाटलं, हा तरी निर्धोक.

आप्पांचा फोन मला आला. "त्या शेतीच्या खेळात कापूस किती दिसात येतो, ठावं हाय का तुला?"

"नाही आप्पा."

"तीन मिंटात. मी यूट्यूबवर बघितलो. आन पाऊस येळंवर पडतो. डुकरं न्हाईत, हरनं न्हाईत. लेकराला असलं खोटं दावू नको, बिघडंल."

अठरा वर्षांखालच्यांना काय दाखवू नये, याचा इतका ठाम निकाल मी दुसरा ऐकलेला नाही. बायको हसून हसून बेजार झाली. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या, कारण हे सगळं लेकीपुरतं आहे अशी माझी समजूत होती.

एका रविवारी दुपारी मायलेकी बाजारात गेल्या. मी दार लावलं, पंखा पाचवर केला आणि सत्तावीस वर्षं वाट पाहिलेला तो खेळ लावला. पडद्यावर काहीतरी लांबलचक इंग्रजी आलं. कॉलेजात लोकांचे अर्ज बारीक वाचणारा मी, स्वतःच्या वेळी न वाचता पुढं, पुढं दाबत गेलो. दोन मिनिटांत मोबाईल वाजला.

"काय रे, गाड्या चोरायचा खेळ खेळायलास का?"

मी उभाच राहिलो. "कोण? मी? नाही आप्पा... म्हणजे..."

"तुझ्या नावानं दरखास्त आलीया. ह्यात लिवलंय मारामारी हाय, शिव्या हायेत." जरा थांबून, आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "आन बायाबी हायेत म्हनं. अर्ध्या कपड्यातल्या."

दुकानात गिऱ्हाईक असावं, कारण मागून कुणीतरी खोकलं. माझे कान तापले.

"आप्पा, तो मोठ्यांचा खेळ आहे. अठरा वर्षांच्या पुढचा."

"तेच म्हनायलोय मी. हितं तुझं वय अकरा लिवलंय."

"मी सेहेचाळीसचा आहे, आप्पा!"

"मला सांगायलास? तुझ्या जन्माच्या टायमाला मी हुतो की तिथं. पर कागदावर अकरा हाय. नामंजूर." आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत आप्पांनी लेकीलाही निकाल कळवला होता. बायकोनं चहा देताना विचारलं, "कसा सरळ नियम आहे, नाही का?" त्या दिवसापासून माझं घरातलं वजनच गेलं. सिनेमाला जायचं म्हटलं की लेक विचारायची, "बाबा, आजोबांना विचारलंत का?" बायकोचं वय त्या यंत्रात नऊ होतं, पण तिला खेळायचंच नव्हतं, त्यामुळं तिची अब्रू शाबूत राहिली.

डब्यातलं सगळं पुसून नव्यानं भरता आलं असतं. पण त्यात लेकीनं कुस्तीत मिळवलेले पट्टे गेले असते, आणि ती ऐकेना. दुसरा रस्ता होता तो आप्पांकडूनच जात होता. तो धरायचा म्हणजे मला हा खेळ हवाच आहे, असं त्यांना तोंडानं सांगणं आलं. आजवर मी त्यांना काय काय सांगितलं नाही याची यादी केली तर वही भरेल. त्यांनाही बोलायची सवय नाही. आमचा आठवड्याला एक फोन व्हायचा: जेवण झालं का, पाऊस हाय का, ठिवू का.

आता मात्र रोज फोन येऊ लागले. लेक काहीतरी मागायची आणि आप्पा निकालाआधी मला उलटतपासणीला घ्यायचे. त्या ओघात इतर गोष्टी निघायच्या. गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो, शेंगदाणा कसा आला, शेजारच्या म्हशीला काय झालं. आईच्या हातची येसर आमटी मला अजून आठवते का, असं त्यांनी एकदा विचारलं. आठवते म्हणालो. त्या दिवशी 'ठिवू का' असं कुणी लवकर म्हणालं नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "आप्पा, एवढं वाईट आहे तर त्या कंपनीनं असले खेळ विकूच नयेत, असं का म्हणत नाही तुम्ही?"

"कामून म्हनू? माझ्या दुकानात बिड्या न्हाईत का? तमाकू हाय, उंदराचं औषध हाय. दुकानात समदं असावं. पर समदं हात पुरंल तिथं नसावं."

मला त्यांच्या दुकानातली वरची फळी आठवली. तिथलं कुठल्या लेकराला ते कधी देत नसत, बापानं पाठवलं तरी. "बापाला ये म्हनाव," एवढंच म्हणायचे. आणि तेवढ्यात ते म्हणाले, "तू स्टुलावर चढून बिडीचा बंडल काढला हुतास. किती वर्साचा हुतास?"

चौतीस-पस्तीस वर्षांत या विषयावर आमच्यात एक अक्षर निघालं नव्हतं. मला वाटत आलं होतं की त्यांना पत्ताच नाही.

"अकरा," मी म्हणालो.

"मंग?" ते म्हणाले. "कागद बराबर हाय म्हनायचा."

शेवटी लेकीलाच माझी दया आली. तिनं शोधून काढलं की माझं वय दुरुस्त करून मला मोठ्या माणसांत घ्यायचा अर्ज करता येतो, फक्त प्रमुखानं हिरवं दाबायला हवं. लाजलज्जा गुंडाळून मी अर्ज पाठवला आणि स्वतःच फोन लावला.

"आलीया दरखास्त," आप्पा म्हणाले. "हितं इचारायलंय, ह्येला हितून फुडं तुमच्या मंजुरीची गरज न्हाई, असं करायचं का."

"हां, तेच. हिरवं दाबा, आप्पा."

पलीकडं तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज आला.

"मी लाल दाबलो," ते म्हणाले.

"का पण, आप्पा?" माझा आवाज चढला. "सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी, मला पोरीसमोर, बायकोसमोर..."

"मंग तू फोन कामून करशील?"

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. साखर संपली, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मला वाईट वाटलं, लाजही वाटली. खेळाची नव्हे, आठवड्याला एकच फोन करायचो, त्याची वाटली. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही, आणि मग आम्ही शेजारच्या म्हशीवर बराच वेळ बोललो.

तो अर्ज मी पुन्हा केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर साधा अर्ज टाकला: गाड्यांचा खेळ, अर्धा तास. फोन आलाच.

"पोलिसाला मारनार न्हाईस न्हवं?"

"नाही, आप्पा."

"त्या बायांच्या गल्लीत जानार न्हाईस?"

"नाही जाणार."

"बरं. अर्धा तास," आप्पा म्हणाले आणि हिरवं दाबलं. "आन खेळ झाला की फोन कर."