कासवगाडीची मागची चाकं

आमचे हे सावंतवाडीकडचे. लाकडी खेळणी करणारं घर. कुवेतला आले ते हॉस्पिटलात नकली हातपाय बनवायच्या कामावर. लाकडाचं पाऊल तासायचं, त्याला चामड्याचे पट्टे लावायचे, माणूस त्यावर उभा राहिला की काम झालं. मी मागाहून आले, कडेवर मुलगी घेऊन. तिथल्या फिंतास भागात तेव्हा आमच्या इमारतीपुढे समुद्र होता आणि मागे नुसती वाळू.

मी चौथी शिकले आहे. चित्रकलेतलं, यंत्रातलं मला कळत नाही. पण इटलीचा एक माणूस, मरून पाचशे वर्षं होत आलेला, आमच्या त्या दोन खोल्यांत बरीच वर्षं राहिला, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते.

ह्यांच्या विभागातला इजिप्तचा डॉक्टर नोकरी सोडून आपल्या देशी गेला. जाताना त्याने ह्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं. त्यात त्या इटलीच्या माणसाची चित्रं. तो रंगवायचा, यंत्रं काढायचा, आणि मेलेली माणसं फाडून आत काय आहे तेही बघायचा. हाताची कातडी काढून आतले दोरे कसे ओढले जातात ते पानापानावर दाखवलेलं. ह्यांना ते कामाला उपयोगी होतं. मी सांगून टाकलं, "हे पुस्तक जेवायच्या टेबलावर आणायचं नाही."

आणलंच. मी मासळी साफ करायची आणि हे शेजारी बसून तो हात बघायचे.

वरच्या मजल्यावर पुण्याचे एक डॉक्टर राहायचे. बायकामुलं तिकडेच ठेवून आलेले, त्यामुळे आमच्याकडे जेवायला असायचे. पुस्तकात एका बाईचं चित्र होतं. ती हसते आहे की नाही यावर हे आणि डॉक्टर ताटावर हात वाळेपर्यंत वाद घालायचे. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दमली आहे. उठू द्या तिला."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हा माणूस शंभर कामं काढायचा आणि चार पुरी करायचा."

"मग आमच्यातलाच आहे," मी म्हटलं. आमच्या घरात एका पायाचं स्टूल कितीतरी वर्षं दुसऱ्या पायांची वाट बघत होतं.

मुलीला मात्र ते पुस्तक फार आवडायचं. त्या माणसाने सगळं उलटं लिहिलेलं आहे, आरशात धरलं की सुलट दिसतं. ती माझा कुंकवाचा आरसा घेऊन बसायची आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचायची. हे लाकूड घासता घासता "हं, पुढे" म्हणायचे. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. तिला तर मराठीही अर्धीच यायची, शाळेतलं इंग्रजी चिकटलेलं. पण दोघं तासन् तास खूश असायची.

ह्यांच्या घरात लाकडाचं काम बापाकडून मुलाकडे जात आलेलं. आम्हाला मुलगीच. गावाकडे सगळे म्हणायचे, आता संपलं. ह्यांनी ठरवलं होतं की मुलीला द्यायचं. बाल्कनीत तिच्या मापाची लहान पटाशी होती, लहान रंधा होता. आणि तिला हात होता. मी आई म्हणून म्हणत नाही. हे स्वतः एकदा म्हणाले, "माझ्यापेक्षा हिचा हात चांगला लागतो." असं ते कोणाबद्दल म्हणत नसत.

आमच्याकडे गणपतीपुढे हलता देखावा असायचा. कुवेतमध्ये सगळं दार लावून, झांजा हळू वाजवून, विसर्जन बादलीत. पण देखावा बघायला मराठी माणसं लांबून यायची. एका वर्षी मान हलवणारा उंदीर केला होता, एका वर्षी कमळ उघडायचं. मुलगी शाळेत सातवीत असेल, त्या वर्षी ह्यांनी पुस्तकातली लढाईची गाडी करायची ठरवली. कासवासारखी वरून झाकलेली, आत माणसं दांडा फिरवतात आणि गाडी चालते. हे म्हणाले, तोफा काढून टाकू, वर मोदकाचं ताट ठेवू, आरतीला दांडा फिरवला की गाडी गणपतीपाशी जाईल.

हॉस्पिटलात औषधांची लाकडी खोकी यायची, त्यांच्या फळ्या आणल्या. दोघांनी मिळून चाकं केली, चाकांना दाते केले. जोडणी करताना मुलीने बोटाने चाक फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, धिस इज राँग. पुढची पुढे जातात, मागची मागे येतात."

हे म्हणाले, "चित्रात आहे तसंच केलंय."

"मग चित्र चुकलंय."

"तो चुकत नाही."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "अहो, एकदा चालवून तरी बघा." ह्यांनी रंग ओला आहे म्हणून गाडी कपाटावर ठेवली ती आरतीलाच खाली काढली.

दिवाणखान्यात मुंगीला जागा नव्हती. ह्यांनी दांडा फिरवला. गाडी जागच्या जागी थरथरली. आणखी जोर लावला, ताट घसरलं, मोदक सतरंजीवर. कोणीतरी म्हणालं, "देवाला भूक नाही वाटतं." सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले.

मुलगी पुढे झाली. "मी सांगितलं होतं ना बाबा, मागचं दात्यांचं चाक फ्लिप करायला हवं." आणि तिने गाडीला हात घातला.

ह्यांनी तिचा हात झटकला. "गप रव. दोन बुकां शिकलंस म्हणान त्या माणसाक शिकवतलंस? परत हत्यारांक हात लावायचो नाय." घरचं बोलणं तोंडात आलं म्हणजे हे किती चिडलेत ते मला कळायचं. तिलाही कळलं. मी म्हटलं, "पोरीवर कशाला काढता?" पण तोवर आरती सुरू झाली होती.

ती त्यानंतर बाल्कनीत गेली नाही. रुसली नाही, रडली नाही, बापाशी बोलायची थांबली नाही. जेवताना शाळेतलं सांगायची. फक्त बाल्कनीत गेली नाही.

नंतर एकदा डॉक्टर जेवता जेवता म्हणाले, "अहो, ते चित्र चुकलेलं आहे हे पुष्कळांना ठाऊक आहे. काही म्हणतात त्याने मुद्दाम तसं काढलं, कोणी चोरून लढाईला वापरू नये म्हणून." ह्यांचा घास हातात राहिला. "मुद्दाम?" एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सुट्टी असायची. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. हे गाडी घेऊन बसले, मागचं दात्यांचं चाक काढून उलटं बसवलं, दांडा फिरवला. गाडी सरळ फरशीवरून गेली आणि फ्रिजला आपटली. मी म्हटलं, "चालली. आता तिला सांगा."

"सांगतो."

संध्याकाळी ती आली. हे बातम्या ऐकत बसले. पुन्हा दोनतीनदा मी आठवण केली. "सांगतो म्हटलं ना." मी सांगते म्हटलं तर म्हणाले, "माझं मी बघीन." माणूस वाईट नव्हता. त्याला बोलायचं कसं ते सापडलं नाही, आणि जितके दिवस गेले तितकं ते आणखी सापडेना. लाकडाचं पाऊल दुरुस्त करताना ह्यांना लाज वाटत नसे. पेशंट म्हणाला टोचतंय, की लगेच पटाशी घ्यायचे.

दहावीनंतर तिला कोल्हापूरला माझ्या बहिणीकडे ठेवली. तिने कॉमर्स घेतलं. हे विमानतळावरून आले आणि बाल्कनीतली तिची लहान हत्यारं तेल लावून कापडात बांधली.

हे गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दिवसकार्य झाल्यावर मी मुलीला सांगितलं की बाबांनी चाक उलटं बसवलं होतं, गाडी चालली होती, तू बरोबर होतीस.

ती म्हणाली, "ठाऊक आहे. मी तेव्हाच चालवून बघितली होती, तुम्ही दोघं जमियाच्या दुकानात सामान आणायला गेला होतात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी बोलायचं होतं, आई."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती बँकेत मोठ्या जागेवर आहे, घर छान आहे. पडद्याची दांडी सैल झाली की ती सुताराला फोन लावते, आणि तो काम करत असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.