मनापासून बोललेले

सेनगाव तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत प्रेमानंद गुरुजींनी दशकभर भूगोल शिकवला. २००१ साली संस्थेचे अध्यक्ष दगडोबा पाटील यांना जावयासाठी जागा हवी होती, आणि गुरुजींची जागा अनुदानित होती.

दहावीची परीक्षा संपताच अध्यक्षांनी गुरुजींना घरी बोलावून चहा दिला. तुम्ही मुलांना कॉपी पुरवल्याची तक्रार आहे, असे ते म्हणाले. तक्रार कोणाची, हे सांगितले नाही.

"चौकशी लागली तर पेपरात नाव येतंय, गुरुजी. मग कोन्ती शाळा घेईल तुमाला? त्यापेक्षा मानानं जा."

कायम शिक्षकाचा राजीनामा त्याच्याच हस्ताक्षरात, रजिस्टर पोस्टाने यावा लागतो. हा नियम शिक्षकाच्या रक्षणासाठी आहे. अध्यक्षांनी तो बरोबर पाळला. मजकूर त्यांनी सांगितला, गुरुजींनी लिहिला, आणि संस्थेच्या कारकुनाने त्यांना जीपने सेनगावच्या पोस्टात नेले.

पत्नी चांगुणाबाईंनी सारे ऐकून घेतले आणि शाळा न्यायाधिकरणात अपील करायचे, असे दोघांनी त्याच दिवशी ठरवले. पण शनिवारी शाळेत निरोप समारंभ होता. मुलांनी वर्गणी काढून शर्टाचे कापड आणले होते. गुरुजी गेले. त्यांनी अध्यक्षांच्या हातून हार आणि शाल-श्रीफळ घेतले, आणि या शाळेने मला भरभरून दिले, मी समाधानाने निघतो आहे, असे मुलांना सांगितले. फोटोग्राफरही आला होता.

"हार घालून घेतला, अन् आता जबरदस्ती म्हनता," चांगुणाबाई म्हणाल्या. "कोन मानंल?"

"लेकरं रडून राहिली होती. त्यांच्यापुढं काय भांडू?"

न्यायाधिकरणापुढे संस्थेने तेच फोटो ठेवले. गुरुजींच्या वकिलांनी आदल्या दिवशी त्यांना बजावले होते की, भाषणही दडपणाखाली केले, एवढेच सांगा. जावयाची नेमणूक झालेलीच आहे, बाकीचे मी पाहतो.

उलटतपासणीत संस्थेच्या वकिलांनी विचारले, "भाषण कोणी लिहून दिलं होतं?"

"कोणी नाही."

"मग त्या दिवशी खोटं बोललात?"

"राजीनामा माझ्याकडून लिहून घेतला," गुरुजी म्हणाले. "मुलांशी जे बोललो, ते मात्र मनापासून."

त्यांच्या वकिलांनी मान खाली घातली. निकालात राजीनामा स्वेच्छेचा ठरला. दबावाखाली नोकरी सोडणारा माणूस समाधान व्यक्त करीत नाही, असे त्यात म्हटले होते.

निकाल ऐकून परतताना हिंगोलीच्या बसस्थानकावर चांगुणाबाईंनी, तेवढं एक वाक्य तुमच्याच्यानं बोलवलं न्हाई का, असे विचारले. सेनगावची गाडी लागली तेव्हा त्या आधी चढल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. गुरुजी सबंध रस्ताभर उभे राहिले.