उडदाच्या पापडाचं ऊन

घाटनांदुरात कुणाच्या कुरडया बिघडल्या की छबुबाईला बोलावणं यायचं. उन्हाची नस तिला ठाऊक होती, आणि स्वभावही उन्हासारखाच तापट. मुलगी आरोही नर्सिंग शिकायला पुण्याला गेली, तेव्हा मांसल पानांचं आपलं सक्युलंटचं रोपटं आईकडं सोपवून गेली.

छबुबाईनं ते नाजूक म्हणून कोनाड्यात ठेवलं. रोपटं पिवळं पडलं, मान लांबवून दाराकडं झुकलं. "निवडुंगाचीच जात की मेली," म्हणत तिनं ते भर दुपारी पत्र्यावर कुरडयांशेजारी नेऊन ठेवलं. पानं भाजून निघाली. मग तिच्या ध्यानात आलं, ही कुरडई नव्हे, हा उडदाचा पापड. याला कडक ऊन सोसायचं नाही. तिनं रोपटं ओट्यावर आणलं. सकाळचं कोवळं ऊन दिलं आणि ऊन चढलं की जुन्या लुगड्याचा आडोसा केला. रोपटं गुटगुटीत झालं.

दिवाळीत आरोही आली ती पिवळी पडून, वाळून.

"होस्टेलच्या खोलीला खिडकीच न्हाई, आई."

छबुबाईनं होस्टेलवाल्यांच्या नावानं तोंड सोडलं. मग रोपट्याशेजारी पोतं अंथरलं.

"बस हितं. हलू नको."

ऊन चढलं, तसा तिनं लुगड्याचा आडोसा दोघांवर सरकवला.