चेहरा नसलेला आवाज

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी नवऱ्याच्या रिपोर्टचा फोटो काढला आणि फोनलाच विचारलं, "काय लिहिलंय रे बाळा यात?" हल्ली असं सर्रास दिसतं. रिपोर्ट इंग्रजीत होता म्हणून मी म्हटलं, "द्या आजी, मी वाचून सांगते."

"नको गं," त्या म्हणाल्या. "माणसाला वाचायला दिलं की शब्दांच्या आधी त्याचा चेहराच सांगून टाकतो. याला चेहरा नाही, ते बरं."

मला वाटायचं, लोक या यंत्राकडे जातात ते त्याच्या हुशारीपायी. आजींचं ऐकून वाटलं, आपलं दुःख कळल्यावर समोरच्याचा चेहरा उतरताना बघणंच जड जात असेल. यंत्राला काहीही विचारा, त्याच्या कपाळावर आठी पडत नाही.

फोन संथ, शुद्ध मराठीत गाठीबद्दल बोलला, पुढच्या तपासण्यांबद्दल बोलला. मीही ऐकत होते. शेवटी "काळजी घ्या" म्हणून तो थांबला. आजींनी फोन मांडीवर उलटा ठेवला. मग हळूच मान वळवून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.