वाळल्यावर थर सावरतो का?

विनायकभाऊजी गेल्याचा फोन देवासहून आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडून बसले होते. शनिवारी धारला येतो म्हणाले, पुरणपोळीची फर्माईश केली, आणि आलेच नाहीत. रविवारी सकाळी त्यांचा नंबर दिसताच मी सुरू झाले, ही काय रीत झाली भाऊजी, कळवायचं तरी! पलीकडे त्यांच्या प्रयोगशाळेतली प्रीती होती. "भाभीजी… सर नहीं रहे." झोपेतच गेले म्हणे. आता महिना उलटलाय, तरी मी अधूनमधून त्यांच्यावर चिडतेच. न सांगता जाणाऱ्या माणसावर दुसरं काय करायचं?

ते माझे धाकटे दीर. देवासच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रस्त्यांचं सामान तपासायची प्रयोगशाळा सांभाळायचे. लग्न केलं नाही. कुणी फार छेडलं तर म्हणायचे, रस्त्याची गिट्टी, म्हणजे खडी, उलटून बोलत नाही. माझ्या सासरच्या पहिल्या दिवाळीत बेसनाच्या लाडवांत तूप जास्त झालं आणि लाडू ताटात पसरून बसले. सासूबाईंनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मी रडकुंडीला आलेली, आणि हे महाशय ताटापाशी उकिडवे बसून एकेक लाडू बोटानं दाबून बघतायत! मला वाटलं चेष्टा चाललीय. तर नाही, खरंच त्यांना कुतूहल होतं. तूप कमी असतं तर लाडू फुटला असता, बेताचं असतं तर टिकला असता, जास्त झालं म्हणून कण एकमेकांवरून घसरले. रस्त्याखालचा गिट्टी-मुरमाचा थरही असाच असतो म्हणाले, फक्त तुपाच्या जागी पाणी. मग ते बसके लाडू त्यांनीच संपवले, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात झकास म्हणाले.

त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे शिक्षा. मांडूला जाताना नालछ्याच्या पुढे गाडी थांबवून चाकोऱ्यांत हात घालून बसायचे. आमचे हे चहावाचून तळमळायचे. पण त्यांनी समजावलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. चाक गेलं की थर दबतो आणि परत वर येतो, पण पूर्ण येत नाही, केसभर खालीच राहतो. कोरड्या थरात हे खचणं काही काळानं थांबतं. ओल चढलेल्या थरात मात्र ते थांबायचं नावच घेत नाही, दर चाकागणिक भर पडते आणि शेवटी चाकोरी उमटते.

काही वर्षांपूर्वी अमझेऱ्याकडच्या एका गावाचा रस्ता होत होता आणि त्याची तपासणी भाऊजींकडे होती. थर घालून झाला आणि मावठा, हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, बरसला. ओल्या थरावरूनच ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या, चाकोऱ्या पडल्या. गावकरी म्हणाले, ऊन पडलं की वाळेल, वरून सारखा करून पुढचं काम करा. भाऊजी म्हणाले, नाही, एकदा ओल्यात दबलेला थर वाळला तरी सावरत नाही, सगळा उकरून नव्यानं घाला. त्यांचा शब्द चालला. रस्ता उकरला, काम लांबलं, आणि त्यातच गावातलं एक लग्न आलं. वऱ्हाडाची बस पार फाट्यावर थांबली. म्हातारीकोतारी माणसं शेताच्या बांधावरून धडपडत मांडवात पोचली. नवरीच्या वडिलांनी भाऊजींना चारचौघांत सुनावलं. भाऊजी ते ऐकून आमच्याकडे धारला आले.

घरी आल्यावर मी त्या माणसाला बोल लावायला लागले, तर मलाच थांबवलं. "वहिनी, थर सावरेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी फक्त ठासून बोललो."

हे त्यांना लागून राहिलं. पण लागणंही कसं, तर कुतूहलासकट! जेवताजेवता हात थांबायचा… वाळताना बारीक कण कुठे जात असतील हो वहिनी? प्रयोगशाळेत त्याच रस्त्याचा मुरूम आणून साच्यात ठोकून भरायचा, ओला करायचा, यंत्राच्या दट्ट्यानं चाकांसारखा पुन्हा पुन्हा दाबायचा, मग वाळवून परत दाबायचा. कधी वीज जायची, कधी साचाच गळायचा. माझं चुकलं असेल तर त्या गावात जाऊन सांगणार, हे मात्र ठरलेलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर प्रीतीचा परत फोन आला. सरांचा एक नमुना ओल्यात दाबून झालाय, वाळत ठेवलाय. विद्यार्थ्यांना यंत्र हवंय, नमुना काढून टाकू का? मी म्हटलं, खबरदार. आणि बस पकडून देवासला गेले. मला त्यातलं काय कळणार होतं? पण भाऊजींनी वर्षानुवर्षं जपलेला प्रश्न असा पोत्यात ओतून द्यायचा, हे मला बघवलं नसतं. प्रीतीनं यंत्र सुरू केलं. दट्ट्या खालीवर होऊ लागला, पडद्यावर थर किती खचतोय ते दाखवणारी रेघ सरकू लागली. आधी ओल्यात दाबतानाची रेघ खाली खाली गेली होती. ही थोडी उतरली, आणि मग आडवी चालत राहिली. दुपार सरली तरी आडवीच. वाळलेला थर सावरला होता.

"सर ग़लत थे, भाभीजी," प्रीती हळूच म्हणाली, आणि लगेच तिनं सावरून घेतलं की एका नमुन्यानं काही ठरत नाही, अजून पुष्कळ करावे लागतील. ती करणारही आहे. मला मात्र आधी भाऊजींना फोन करावासा वाटला. चूक सापडली म्हणून असा खुलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या रविवारी मी आणि आमचे हे त्या गावी गेलो. नवरीचे वडील ओट्यावर बसले होते. मी हिंदीत सगळं सांगितलं. रस्ता कदाचित उकरावा लागला नसता, साहेबांचा अंदाज चुकला असावा, लग्नात तुम्हाला उगाच त्रास झाला. त्यांनी ऐकून घेतलं. आमच्या यांना पाणी दिलं, मला दिलं. राग कधीच विरून गेला होता बहुतेक. मग समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांनी सहज विचारलं, "साब खुद नी आया?"

येणार होते, मी म्हटलं, त्यांनाच यायचं होतं… आणि तेराव्यालाही जे कोरडे राहिले होते ते माझे डोळे त्या परक्या ओट्यावर वाहायला लागले.