उदयसिंह सरांचा पहिला ज्यूल

पनवेलला आम्हाला अकरावीत फिजिक्स शिकवणारे उदयसिंह सर एककांवरून पिसाळायचे. आकडा बरोबर असला, तरी टॉर्क ज्यूलमध्ये लिहिला की भोपळा. "दोन्हीकडे न्यूटन गुणिले मीटरच ना?" असा मी वाद घातला, तर सरांनी खडूच भिरकावला. "नुसता पीळ दिला तर न्यूटन-मीटर! त्या पिळाने काही फिरलं तरच काम, तरच ज्यूल!"

नव्वद सालच्या दिवाळीच्या सुट्टीत कर्नाळ्याजवळ, आई काकड्या विकायची आणि मी मदतीला बसायचे तिथेच, सरांची स्कूटर पंक्चर झाली. चाकाचा नट गंजलेला. सरांनी पान्यावर सगळा भार टाकला, लालबुंद झाले, पण नट ढिम्म.

"मास्तर, काकडी खावा, दम लागलाय तुमाला," आई म्हणाली.

मला राहवेना. "सर, न्यूटन-मीटर भरपूर, पण ज्यूल शून्य!"

सरांनी पाना उगारला. वाटलं, मेले मी. पण ते भर रस्त्यात खदाखदा हसत सुटले. "हेतल, तुझा भोपळा रद्द!"

मग अर्धी काकडी दातात धरून त्यांनी पुन्हा जोर लावला. नट करकरला, जेमतेम नखभर फिरला. काकडी मातीत पडली, आणि सर गाड्यांच्या गोंगाटावर आवाज चढवून ओरडले, "ज्यूल! हेतल, ज्यूल!"