रजिस्टरमध्ये धुतलेला कॉलम

गुरुवार, २९ मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू. हजर: मी, कंपनीतून आमच्या फार्मसी कॉलेजात आलेल्या नव्या मॅडम, कुहीकडचे शिपाई काका, आणि विभागप्रमुख सर, पण दारापर्यंतच, कारण उपकरणखोलीतला कूलर बिघडला होता.

काम: पाच वर्षं बंद पडलेलं एचपीएलसी पुन्हा सुरू करणं.

या यंत्रात पंप द्रावण ढकलतो, ते वीतभर लांब पोलादी नळीतून जातं, नळीत त्यातले घटक वेगळे होतात आणि पडद्यावर एकेकाचं टोक उमटतं. त्या नळीला कॉलम म्हणतात. नरखेडकडून येणाऱ्या संत्र्या-मोसंबीच्या सालींतला कडवटपणा आम्ही यावर मोजायचो. आम्ही म्हणजे मी. यंत्र खोक्यातून निघालं तेव्हापासून कोरोनाच्या टाळेबंदीपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

मी आदल्या संध्याकाळी तेवीस कामांची यादी केली होती. मॅडमनी ती वाचली, "छान केलीय ताई," म्हणाल्या आणि टेबलावर डाग पडू नये म्हणून तिच्यावरच ओला बीकर ठेवला.

त्यांनी यादीप्रमाणे काही केलं नाही. आधी पंप नुसता चालू केला आणि त्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. पंप कोरडा खडखडत होता.

"डावा व्हॉल्व्ह चिकटलाय," त्या म्हणाल्या.

माझ्या यादीत व्हॉल्व्ह चौदाव्या क्रमांकावर होता. त्यांनी तो उघडला, आतली मण्याएवढी गोळी बसल्या जागी घट्ट झाली होती. कोमट पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये हलवून त्यांनी ती मोकळी केली. नंतर सिरिंजने हवा ओढून घेतली आणि पंपाचा आवाज बदलला. तो आवाज मला पाठ होता. पाच वर्षांनी ऐकला, आणि तो दुसरीच्या हाताखाली ऐकला.

"पाहा जी ताई," काका म्हणाले, "तुमची मशीन मॅडमचं आयकून राहिली. तुमच्यावर रुसली होती वाटते."

"तिला पाणी मिळालं म्हणून बोलतेय," मी म्हटलं.

"मंग पाच साल कोनी काहून नाही पाजलं?"

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. काकांनी चहा आणला तो आधी त्यांना दिला, तेही त्यांना साखर कमी लागते हे न विचारता लक्षात ठेवून. माझ्या चहातली साखर लक्षात ठेवायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

दुपारपर्यंत बाटल्यांमधले शेवाळलेले फिल्टर बदलले, गळणारं सील बदललं, डिटेक्टरचा दिवाही लागला. खोक्यात दोन्ही टोकांना बुचं लावून ठेवलेला जुना कॉलम मॅडमनी जोडला. पडद्यावरची रेघ हळूहळू सरळ झाली. सर दारातून म्हणाले, "वा! मॅडम, पावसाळ्यानंतर आंबिया बहाराचे नमुने येतील. चार्ज तुमच्याकडेच द्यावा म्हणतो. सोमवारी पत्र काढतो." माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, जणू मलाही हे पसंत आहे असं आमचं ठरलेलं होतं.

चार्ज म्हणजे खोलीची किल्ली आणि दारावरच्या पाटीवर नाव. पगारात काही फरक नाही. तरी ते पत्र निघू नये, यापलीकडे त्या क्षणी मला काही दिसत नव्हतं.

आता मोठा कॉलम उरला होता, मोसंबीसाठी खास घेतलेला. टाळेबंदीच्या आधीपासून तो यंत्रावरच जोडलेला होता. सकाळी मॅडमनी तो काढून ट्रेमध्ये ठेवला होता.

"शेवटी यात काय होतं, ताई?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रजिस्टर उघडलं. शेवटची ओळ माझ्या अक्षरात होती: *पाण्याने व मिथेनॉलने धुऊन बंद.*

इथे आमची एक पद्धत सांगितली पाहिजे. धुण्याला तास-दीड तास लागतो आणि हिंगण्याची बस कुणासाठी थांबत नाही. म्हणून धुणं सुरू करायच्या आधीच आम्ही ते झाल्याची नोंद करायचो, सही ठोकायचो आणि मग बटण दाबून निघायचो; धुऊन झालं की यंत्र आपोआप थांबायचं. तीन माणसांच्या विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी मी नोंद केली, सही केली आणि तेवढ्यात कॉलेज रिकामं करा असा निरोप आला. बटण राहिलं. सोमवारी येऊन धुऊ म्हटलं. तो सोमवार पुढे कित्येक महिने आलाच नाही, आणि आला तेव्हा यंत्राकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. कॉलममध्ये बफर, म्हणजे मिठाचं पाणी, तसंच राहिलं. अशा कॉलमला आधी कोमट पाणी लागतं, तेही थेंबाथेंबानं. सरळ मिथेनॉल सोडलं तर त्यात मीठ विरघळत नाही, आहे ते घट्ट बसतं.

मॅडम ज्या कंपनीतून आल्या तिथे काम झाल्याशिवाय कुणी ओळ लिहीत नाही. त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे मिथेनॉलमध्येच आहे. बरोबर ना?"

मी म्हटलं, "लिहिलंय ना तसं."

त्यांनी मिथेनॉल सोडलं. दाब चढू लागला. त्यांनी वेग निम्मा केला, मग त्याच्याही निम्मा. दाब चढतच राहिला आणि पंप आपणहून बंद पडला. त्यांनी कॉलम उलटा जोडला, पुन्हा मिथेनॉल, पुन्हा तेच. मी शेजारी उभी राहून आकडे मोठ्यानं वाचत होते, मदत करत असल्यासारखी. मध्ये दोनदा तोंड उघडलं. एकदा त्या म्हणाल्या, "काय ताई?" मी म्हटलं, "कूलरवाल्याला फोन करायचाय."

साडेचारला त्यांनी हातमोजे काढले. "पाच वर्षांत आतलं पॅकिंग सुकून बसलं असणार. मी घाई केली. आधी छोटी चाचणी घ्यायला हवी होती." मग माझ्याकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, "ताई, तुमचा कॉलम माझ्या हातून गेला. माफ करा."

"असू द्या वं," मी म्हटलं. तोवर मी त्यांना कधी असं जवळिकीचं 'वं' म्हटलं नव्हतं.

सरांनाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. सोमवारी पत्र निघालं ते माझ्या नावानं, 'जुन्या अनुभवाचा विचार करता' असं लिहून. काकांनी पाटी ठोकली आणि म्हणाले, "आता रुसवा गेला न जी?" मॅडम औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत गेल्या. कधी पंप अडला की मीच त्यांना बोलावते. त्या येतात, तळहात ठेवतात, दोन मिनिटांत दोष सांगतात. त्या गेल्यावर मी तिथेच हात ठेवून पाहते. मला फक्त थरथर लागते. अजूनही जळते मी त्यांच्यावर, किल्ली माझ्या पर्समध्ये असून.

मोठा कॉलम मी भंगारात दिला नाही. तो अजून वाचू शकतो. उलटा जोडायचा, चाळीस अंशांचं पाणी, अगदी कमी वेग, दिवसभर. पण दिवसभर कॉलममधून कोमट पाणी जाताना मॅडमनी एकदा जरी दारातून पाहिलं, तरी आत काय होतं ते त्यांना कळेल. म्हणजे पाणी सोडायच्या आधी मीच सांगायला हवं. दर सोमवारच्या यादीत मी हे दोन ओळींत लिहिते: मॅडमशी बोलणे, कोमट पाणी. बाकीच्या कामांवर शनिवारपर्यंत बरोबरच्या खुणा होतात. या दोन ओळी मी पुढच्या कागदावर उतरवून घेते. या आठवड्याच्या कागदावरही त्या आहेत.